सगळंच रेडियम

माझं नाव संघर्ष. काम, रेडियम कापणं.

लालबागला दौलतकाकांचं दुकान आहे. नंबरप्लेट, स्टिकर, हेल्मेटवर पोरीचं नाव, बाइकच्या टाकीवर वाघ, असलं सगळं. चार वर्षं झाली मला तिथे. कोणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघितले, मशीन उघडलं, दोन रोल फुकट घालवले, आलं. त्यामुळे मला वाटायचं रेडियममधलं आपल्याला सगळं कळतं.

वाटायचं.

माझी बहीण प्रिती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तोंडाने दहा वर्षांनी मोठी. तिने पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता आणि ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, सत्तावीस दिवसांवर आलं होतं. आठशे मीटर पळायचं. तिचा टाइम होता तीन मिनिटं सहा सेकंद. तिचं म्हणणं, तीनच्या आत आले नाही तर ग्राउंडवर पाय पण ठेवत नाही.

आता प्रॉब्लेम काय. ती एका लॅबमध्ये आहे, घरोघरी जाऊन रक्त घेते. उपाशीपोटीच्या टेस्ट असतात, म्हणजे लोकांचा चहा व्हायच्या आत ही सुई घेऊन दारात. पहाटे पाचला घर सोडते. दुपारी येऊन जेवते, मेल्यासारखी झोपते. मग चार ते सात भरतीचा क्लास. राहिलं काय? सातच्या पुढचं. म्हणजे अंधार.

डिलाईल रोडला आमच्या चाळीजवळ पळायला जागा नाही. मैदानात संध्याकाळी चार मॅच एकत्र चालतात, मधून पळालं तर आपण फिल्डिंगला लागतो. म्हणून मी दुकानातून निघून तिला सायकलवर डबलसीट घ्यायचो आणि आम्ही शिवडीला जायचो. तिथे गोदामांच्या मागे एक सरळसोट रस्ता आहे, पहिल्या खांबापासून शेवटच्यापर्यंत आठशे मीटर. रात्री आठला गाड्या कमी, माणसं त्याहून कमी. दिवे पण कमी. खांब सगळे आहेत, पेटतात त्यातले निम्मे.

घरी काय सांगितलं होतं? "शिवडीला मैदान आहे, तिथे पळते." मैदान आहे तिथे, खोटं नाही. आम्ही त्याच्या बाहेर पळायचो एवढंच.

पप्पा बेस्टला, सेकंड पाळी, त्यामुळे घरात राज्य आईचं. आई, म्हणजे कौसल्याबाई, परळच्या एका हॉस्पिटलात आया आहे. तिच्यापासून काय लपवायचं म्हणजे मोठं काम.

तर टी-शर्ट. अंधारात पळायचं तर दिसलं पाहिजे, एवढी अक्कल मला होती. मी भाऊ, मी रेडियमवाला. दुकानातला सगळ्यात भडक हिरवा रोल काढला. निऑन. ट्यूबलाइटखाली बघितलं तर डोळे दुखतात असला. त्यातून एक वीतभर उंचीची अक्षरं कापली, काळ्या टी-शर्टच्या पाठीवर चिकटवली.

मॅडम येतायत.

प्रितीने टी-शर्ट उलटसुलट करून बघितला. "दाद्या, हे पाठीवर आहे."

"मग?"

"पाठीवर वाचणाऱ्याला मी जाताना दिसणार ना? 'मॅडम गेल्या' पाहिजे."

"घाल गपचूप."

घातला. आठ दिवस पळाली त्यात. मी पुढे सायकलवर, हातात मोबाइल, स्टॉपवॉच चालू. ती मागून, रस्त्याच्या डाव्या बाजूने, दोन्ही कानांत गाणी. आम्हाला वाटलं फुल्ल सेफ्टी.

बुधवारी मी शेवटच्या खांबापाशी पोचलो, वळलो आणि हॉर्न ऐकला. लांब, दाबून धरलेला. मग ब्रेकचा आवाज. मग काहीच नाही.

सायकल कुठे टाकली आठवत नाही. मी पळालो. रस्त्याच्या कडेला रेतीचा ढीग होता, त्यात प्रिती पालथी पडली होती आणि शिव्या देत होती. शिव्या ऐकून मला जो आनंद झाला ना, तो मी सांगू शकत नाही. गुडघा खरचटला होता, बाकी सगळं जागेवर. टेम्पो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. बर्फाचा टेम्पो. मागून पाणी ठिबकत होतं.

ड्रायव्हर खाली उतरला. माझ्याच वयाचा. चेहरा पांढरा पडलेला. "दिसली नाय रे. आईशप्पथ, दिसलीच नाय."

माझं डोकं सटकलं. "दिसली नाही म्हणजे? पाठीवर एवढं मोठं रेडियम लावलंय! आंधळा आहेस काय?"

"कुठाय रेडियम?"

"हे काय!" मी प्रितीला धरून फिरवलं.

त्याने बघितलं. परत बघितलं. "भावा, मला काळा टी-शर्ट दिसतोय."

"तुझ्या लाइटमध्ये प्रॉब्लेम आहे."

तेवढ्यात केबिनमधून एक बाई उतरली. जाडजूड, पदर खोचलेला, गळ्यात सोन्याची माळ. "ए स्वरूप, भांडू नको. गाडी मागं घे. ए पोरी, तू तिकडं त्या खांबापाशी जा आनि पाठ करून उभी रा. बघू कुनाचं काय चमकतंय ते."

टेम्पो तीन खांब मागे गेला. मी आणि ती बाई टेम्पोच्या तोंडाशी उभे. स्वरूपने लाइट मारला.

मी बघितलं.

मॅडम वगैरे काही नाही. अक्षर नाही, हिरवं नाही. एक करडा धूसर आकार, तो पण माहीत होतं म्हणून. आणि त्या आकाराच्या तळाला, जमिनीलगत, दोन बारीक ठिपके. लख्ख. पांढरेशुभ्र.

"ते खाली काय?" मी विचारलं.

जाऊन बघितलं तर तिच्या बुटांची टाच. कंपनीने शिवलेली नखाएवढी करडी पट्टी. मी कधी लक्षसुद्धा दिलं नव्हतं तिच्याकडे.

बाई म्हणाली, "भावाचं रेडियम फेल. चपलेचं पास."

"बूट आहेत, मावशी," प्रिती म्हणाली.

"तेच ते. आनि कानात काय कोंबलंयस? मी किती बोंबलले वरून! थांब, तोंड इकडं कर." तिने मोबाइलचा उजेड प्रितीच्या तोंडावर मारला. "अगो बाय. कौसल्याची पोरगी ना तू?"

ती रखमा मावशी. मंडईत मासे विकते. आई गेली पंधरा वर्षं तिच्याकडूनच घेते. आणि टेम्पो तिचा, स्वरूप तिचा मुलगा. रोज आठच्या सुमाराला बर्फ घेऊन शिवडीच्या कोळीवाड्यात परत जातात.

"मावशी, घरी नका सांगू," मी म्हणालो.

"मी कशाला सांगू?" मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई मांदेली घ्यायला गेली. मावशीने मांदेली साफ करता करता विचारलं, "पोरीचा गुडघा कसा हाय?" आई म्हणाली, "कसला गुडघा?" मावशी म्हणाली, "नाय, काल माझ्या टेम्पोखाली येत होती ना."

झालं.

आई घरी आली. पिशवी ओट्यावर ठेवली. ओरडली नाही, हेच जास्त भयंकर होतं.

"संघर्ष, मी रोज बघते," ती म्हणाली. "रात्री स्ट्रेचर थांबत नाही आमच्याकडे. आणि मागून आलेला ड्रायव्हर, हात जोडून उभा असलेला, प्रत्येक जण एकच बोलतो. दिसला नाही. दिसली नाही. एवढंच." मग प्रितीकडे बघितलं. "अंधार पडला की घरात. भरती पुढच्या वर्षी पण येते."

"आई, पुढच्या वर्षी..."

"विषय संपला."

प्रिती रडली नाही. ती गॅलरीत गेली आणि जागच्या जागी पळायला लागली. धप धप धप धप. दहा मिनिटांनी खालच्या मजल्यावरून राधाबाई ओरडल्या, "वर कोण मसाला कुटतंय आत्ता?"

मला झोप आली नाही. सोप्पं होतं ना. तिची चूक नव्हती, टेम्पोची अर्धी होती, बाकी माझी. अठरा दिवस उरलेले आणि माझ्यामुळे पोरगी गॅलरीत मसाला कुटतेय.

सकाळी दुकान उघडलं आणि सरळ विचारलं, "काका, रेडियम म्हणजे नक्की काय?"

दौलतकाकांनी चष्मा वर केला. "म्हणजे? हे सगळंच रेडियम."

"ते नाही. अंधारात चमकतं कुठलं?"

काकांनी रोलच्या रॅककडे बघितलं. मग माझ्याकडे. "असं कधी कोणी विचारलं नाही रे."

खरंच आहे. गिऱ्हाईक येतं, म्हणतं रेडियम लावून दे. आपण रंग विचारतो. लाल पाहिजे, निळं पाहिजे, सोनेरी पाहिजे. सगळ्याचं नाव रेडियम. साध्या प्लास्टिकच्या स्टिकरचं पण रेडियम, आणि जे खरंच उजेड परत फेकतं त्याचं पण रेडियम. मी चार वर्षं तो एक शब्द ऐकतोय आणि मला वाटलं माल पण एकच आहे.

दुपारी शटर अर्धं ओढलं, मागच्या खोलीत अंधार केला आणि प्रत्येक रोलचा तुकडा भिंतीला लावला. मोबाइलचा टॉर्च मारला. काहीच चमकेना. मी म्हटलं, आयला, सगळंच डुप्लिकेट? मग हात दुखला म्हणून मोबाइल कानापाशी आणला आणि भिंतीवर एक तुकडा एकदम पेटला. भक्क. टॉर्च कमरेजवळ नेला, विझला. डोळ्याजवळ आणला, पेटला. म्हणजे उजेड जिथून आला तिथेच परत जातो. गाडीच्या दिव्यांच्या जरा वरच ड्रायव्हरचे डोळे असतात, म्हणून फक्त त्याला दिसतं. बाजूला उभा असलेल्याला काय कळणार नाही.

आणि पेटलेला तुकडा कुठला होता? सगळ्यात भिकार दिसणारा. करडा, मळकट, रॅकच्या तळाला पडलेला. माझा निऑन बाजूलाच होता. मेलेला.

मग मला आठवलं, किती तरी डिलिव्हरीवाल्या पोरांना मी तो निऑन लावून दिलाय. "रात्री दिसलं पाहिजे भावा," असं सांगून गेले होते ते. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. अकरा जण. सात आले. त्यांना करडी पट्टी लावून दिली. बाकीच्या चौघांनी "बघू" म्हणून फोन ठेवला. काय करणार.

प्रितीसाठी कापडावर शिवायची पट्टी मिळते ती आणली. घोट्यांना दोन, मनगटांना दोन, इलॅस्टिक लावून. एक पाठीवर, एक छातीवर. घोटा आणि मनगट का, तर ते हलतं. न हलणारी पट्टी म्हणजे खांब, कचऱ्याचा डबा, काहीही असू शकतं. वरखाली हलणारी पट्टी म्हणजे माणूस. हे मला बुटांच्या त्या ठिपक्यांवरून सुचलं. शिवलं पण मीच, हाताने. चार वेळा सुई घुसली.

प्रितीने बघितलं. "हे काय भंगार? ते हिरवं चांगलं दिसत होतं."

"हो ना. दुकानात."

मग आईकडे गेलो. सगळं बोललो. उजव्या बाजूने पळणार, गाडी समोरून येताना दिसेल. कानात काही नाही. मी सायकलवर डाव्या बाजूने, बरोबर. पट्ट्या दाखवायला लागलो तर तिने हात वर केला.

"मला हे घरात दाखवू नकोस. घरात सगळंच चमकतं." तिने डाळीखालचा गॅस बारीक केला. "मला त्या टेम्पोत बसव. त्याच रस्त्यावर. पोरगी कुठून येणार ते मला सांगायचं नाही."

मी पट्ट्या खाली ठेवल्या.

"रखमाला विचार, भरलेली गाडी थांबवायला किती लागतं."

मी तिथेच फोन लावला, स्पीकरवर टाकला. स्वरूप म्हणाला, "बर्फ भरलेला असला तर तीन खांब पकड."

"मग पाच," आई म्हणाली. "पाच खांब लांबून मला दिसली पाहिजे. चारावर दिसली तरी नापास. मग पुढच्या वर्षीपर्यंत पळायचं नाव काढायचं नाही. कबूल?"

प्रिती दारात उभी होती. "कबूल," ती म्हणाली. मला न विचारता.

पुढच्या शनिवारी आठला आम्ही शिवडीला. प्रिती पुढे चालत अंधारात गेली. केबिनमध्ये स्वरूप, मधे मावशी, खिडकीशी आई. मी मागे, बर्फाच्या लाद्यांवर गोणपाट टाकलेलं, त्यावर उभा, केबिनच्या छपराला धरून. पाय गार, डोकं गरम.

"मोठा लाइट नको मारू," आईने स्वरूपला सांगितलं. "रोज मारतोस तोच मार."

"काकी, तुम्ही आरटीओत होता काय?" स्वरूप म्हणाला.

टेम्पो निघाला. एक खांब गेला. दोन. समोर रस्ता, दोन्ही बाजूंना गोदामाच्या भिंती, पुढे काळं.

"कुठाय?" आईचा आवाज.

"तूच बोललीस ना, सांगायचं नाय," मावशी.

अजून एक खांब. मला पण दिसत नव्हती. मी टेम्पोच्या छपरावरून बघत होतो, म्हणजे दिव्यापासून लांब, मला कमीच दिसणार, हे कळत होतं, तरी डोळे ताणले.

"ती बघ!" आई एकदम ओरडली.

"अगो, तो ट्रेलर उभा हाय," मावशी म्हणाली. "त्याची पट्टी ती. ट्रेलरला पोलिसात घेशील काय?"

स्वरूप हसला. आई नाही हसली. ट्रेलर मागे गेला. परत काळं. चौथा खांब, पाचवा.

मग आईचा आवाज आला. हळू. "ते काय आहे?"

मी छपरावरून पुढे वाकलो.

"ते खाली. उड्या मारतंय ते. दोन... चार. हे काय, कोण नाचतंय तिथे?" आणि मग एकदम, सगळ्या शिवडीला ऐकू जाईल असं, "थांबव! थांबव गाडी! ती माझी पोरगी आहे!"

स्वरूपने ब्रेक मारला. एक लादी सरकून माझ्या नडगीवर आली. आई दार उघडून उतरली पण. पर्स काखेत, आणि चालायला लागली खांब मोजत. प्रत्येक खांबाला हात लावून.

"एक."

समोरून ते चार ठिपके नाचत येत होते.

"दोन. तीन." मी लंगडत तिच्या मागे. "चार."

पाचव्या खांबाला ती थांबली नाही, फक्त जरा जोरात थापटला त्याला. सहावा. सहा आणि सातच्या मधे प्रिती येऊन धडकली, धापा टाकत.

"काय झालं? पास का?"

"थांब, हललीस तू. पळत आलीस, म्हणजे मला दिसलीस तेव्हा अजून मागे होतीस." आई सातव्या खांबापर्यंत जाऊन आली, पक्कं करायला. मग प्रितीचं मनगट हातात घेतलं, पट्टी उलटी करून बघितली. "हे कोणी शिवलं?"

"दादाने."

"दिसतंयच. टाके बघ. आमच्याकडे असे टाके घातले तर पेशंट केस करेल." आणि तिने ते मनगट सोडलंच नाही. बराच वेळ.

मला वाटलं झालं. आई माझ्याकडे वळली.

"आता तू."

"मी काय?"

"तू सायकल चालवतोस ना तिच्याबरोबर? जा. पुढे जा आणि चालव. आम्ही मागून येतो."

मी गेलो. काय सांगू. दुकानाचा काळा टी-शर्ट, काळी पँट. सायकलचा मागचा लाल रिफ्लेक्टर गर्दीत कधीच तुटलेला. आठवडाभर मी दुसऱ्यांना पट्ट्या लावत होतो, स्वतःकडे बघितलंच नाही. मागून टेम्पो आला, जवळ आला, अजून जवळ आला, आणि हॉर्न वाजला. वळून बघितलं तर आईचं डोकं खिडकीबाहेर.

"दोन खांब!" ती ओरडत होती. "गाढवा, दोन! दोन खांबांवर दिसलास!"

"पोरगी पास, पोरगा नापास!" मावशी आतून.

प्रिती मागे बर्फावर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

माझ्या सॅकमध्ये उरलेली पट्टी होती. आईने मला टेम्पोच्या दिव्यासमोर उभं केलं आणि स्वतः गुंडाळली. घोट्याला, दंडाला, पोटाला, आडवी, उभी, तिरकी. हॉस्पिटलचा हात, एक घडी नाही पडली. उरलेली सायकलच्या मागच्या दांड्याला. स्वरूपने केबिनच्या खणातून एक लाल लुकलुकता दिवा काढून दिला. "लावून ठेव, माझ्याकडे पडलाच होता."

"पेशंट केलास गं त्याचा," मावशी म्हणाली.

"असा पेशंट चालेल मला," आई म्हणाली. "मागच्या वेळेला कोणी मला खरं सांगितलं नव्हतं. यापुढे कुठे पळता ते मला सांगायचं. रस्ता, वेळ, सगळं."

आम्ही दोघांनी मान हलवली. पट्ट्या पण हलल्या असतील.

"मग आता पळून दाखव," आई म्हणाली. "मी कधी बघितलंच नाही तुला पळताना."

खरंच बघितलं नव्हतं. तिच्या ड्युटीच्या वेळा, हिच्या वेळा.

सगळे पहिल्या खांबापाशी परत आलो. प्रिती उजव्या कडेला गेली. मी डाव्या कडेला, सायकलवर, रस्त्याच्या या बाजूने त्या बाजूला ओरडत. "रेडी? एक, दोन..." ती तीनच्या आधीच सुटली. टेम्पो आमच्या मागून हळूहळू, दिवे लावून. पाव रस्ता झाला. अर्धा. मी सेकंद ओरडतोय, मावशी कोळीवाड्याच्या होडीच्या शर्यतीत ओरडतात तशी ओरडतेय, स्वरूप तालात हॉर्न मारतोय. आणि त्या सगळ्यावर आईचा आवाज. "पळ गं! पळ माझ्या बाय! पाय उचल!"

शेवटच्या खांबाला प्रितीने हात मारला. मी बटण दाबलं. बघितलं. परत बघितलं.

"किती?" ती गुडघ्यांवर हात ठेवून.

"दोन अठ्ठावन्न."

"खोटं."

मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. तिने तोच मोबाइल घेऊन आईकडे धाव घेतली. आईने आधी चष्मा पुसला, मग आकडा वाचला, मग रखमा मावशीला वाचून दाखवला, मग स्वरूपला.

प्रिती फुटपाथवर बसली, पाय पसरून. "बस. संपले मी. पाय गेले."

"कसले पाय गेले?" आई म्हणाली, आणि परत केबिनमध्ये चढायला लागली. "ऊठ. मला अजून एकदा बघायचंय."